अंगठा आपला, तर प्रश्नही आपला हवा

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी भाषक वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली नर्स आहे. नऊ वर्षं आयसीयूत ड्यूटी केली, आता क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. अत्यवस्थ रुग्णांवर औषधांच्या आणि उपचारांच्या ज्या चाचण्या चालतात, त्यांत एखादा रुग्ण बसतो का हे पाहायचं, नातेवाइकांना समजावून सांगायचं, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पुढची प्रत्येक नोंद ठेवायची, हे माझं काम. आज त्या अंगठ्याबद्दलच बोलणार आहे. तुमच्यातले बरेच जण उद्या अशाच वॉर्डात उभे असाल, काही डॉक्टर म्हणून, काही सिस्टर म्हणून. आणि कधी ना कधी आपल्यातला प्रत्येक जण तिथं बाहेरच्या बाकड्यावर नातेवाईक म्हणूनही बसलेला असेल.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. त्याचं पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं, ते बाबासाहेबांनी तिथं दिलं आहे. बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. छातीत दुखू लागलं, श्वास घेता येईना. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो वस्तीच्या बाहेर आला. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह बाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं, नवऱ्याने बायकोला लावलं आणि त्याच वाटेने ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध पाठवलं. पुन्हा बघायला आला नाही. ती बाई गेली.

आयसीयूत काम केलेली बाई म्हणून मी हे वाचते तेव्हा मला दिसतं की तिथं थर्मामीटर होतं. औषधही होतं. रोगाचं नाव कदाचित बरोबरही असेल. फक्त तिच्या छातीला कुणी कान लावला नाही. विज्ञान वस्तीच्या कडेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आज थर्मामीटर कुणी तीन हातांतून पाठवत नाही. पण वैद्यकातलं संशोधन आपल्या माणसांपर्यंत किती हातांतून येतं आणि आपल्या माणसांचा प्रश्न त्या संशोधनापर्यंत कधी जातो का, हे मला विचारायचं आहे.

आता माझीच एक चूक सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण ही चूक एका रुग्णालयाची नाही.

एक विशीतला मुलगा बेशुद्धावस्थेत आला होता. व्हेंटिलेटरवर घेतलं. त्या वेळी एका औषधाची चाचणी सुरू होती, तिच्यात तो बसत होता. अशा चाचण्यांना वेळेची मर्यादा असते. ठरलेल्या तासांच्या आत रुग्ण घेतला तरच घेता येतो. वरिष्ठांचे दोन फोन येऊन गेले होते. बाहेर मुलाचे वडील बसले होते. शेतमजूर, रात्रभर जागे, पायात चप्पल नाही. मी कागद घेऊन गेले आणि बोलायला सुरुवात केली. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी अंगठा शाईच्या पॅडवर ठेवला होता. म्हणाले, “कुठं देऊ सांगा, सिस्टर.” मी जागा दाखवली. सगळ्या पानांवर अंगठे झाल्यावर त्यांनी विचारलं, “सिस्टर, अंगठा दिला नसता तर पोराची नळी काढून घेतली असती का?”

मी म्हणाले, “नाही काका, तसं काहीच नाही. उपचार चालूच राहतात.” ते म्हणाले, “बरं.” त्यांना खरं वाटलं नाही हे मला कळलं. वाटणार तरी कसं? ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक कागदावर समोरच्याने दाखवलेल्या जागी अंगठा दिला, त्याला रात्री तीन वाजता पहिल्यांदाच ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ असं सांगितलं, तर तो शब्द त्याला सापळाच वाटणार. कायद्याच्या दृष्टीने माझा कागद पूर्ण होता. निरक्षर माणसाची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, त्याचीही सही होती. पण ती संमती नव्हती. ती भीती होती आणि मी ती फाइलला लावली.

मुलगा वाचला. शुद्धीवर आल्यावर रुग्णाची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते, आयसीएमआरची २०१७ ची नीतितत्त्वं तसं स्पष्ट सांगतात. मी गेले. त्याने सगळं नीट ऐकलं, सही केली आणि विचारलं, “मॅडम, मग त्या औषधाचा उपयोग होतो की नाही, हे मला कोण सांगणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल इंग्रजी नियतकालिकात छापून येतो. ज्याच्या अंगावर चाचणी झाली, त्याच्या घरी तो पाठवण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती.

बाप आणि मुलगा, दोघांचे दोन प्रश्न. नाही म्हणता येतं का? आणि उत्तर मला मिळणार का? माझं आजचं भाषण याच दोन प्रश्नांचं आहे.

या दोन प्रश्नांवर आपल्या समाजात एक सोपं उत्तर तयार असतं: आमच्यावर प्रयोग नकोत. यामागचा राग खोटा नाही. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या काळ्या शेतमजुरांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. इतकं लांबही जायला नको. इथून जवळच, खम्मम जिल्ह्यात, २००९-१० साली आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचण्याचा प्रकल्प झाला. त्यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली अहवाल दिला. पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचं त्यात नोंदलं आहे. लेकरू आपलं, सही गृहपालाची. हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी ‘प्रयोग’ या शब्दाला घाबरावं यात नवल नाही.

तरीही हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. का ते एका उदाहरणाने सांगते.

तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, निपचित लेकरू दवाखान्यात आलं की त्याला भराभर सलाईन द्यायचं, ही जगभर शिकवलेली गोष्ट होती. श्रीमंत देशांच्या पाठ्यपुस्तकांतून ती सगळीकडे गेली. आफ्रिकेतल्या लेकरांवर ती तपासून पाहावी, असं फार कुणाला वाटलं नाही. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत ते तपासलं गेलं. चाचणीचं नाव ‘फीस्ट’, निकाल २०११ चा, मुलं ३,१४१. ही आयसीयू नसलेली रुग्णालयं होती, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांसारखीच. कुणाला भराभर सलाईन द्यायचं आणि कुणाला फक्त रोजच्या गरजेपुरतं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या गटांत ४८ तासांत शंभरातली साडेदहाच्या आसपास मुलं दगावली. न दिलेल्या गटात ७.३. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. एक गोष्ट लक्षात ठेवा, जुलाबाने सुकलेली मुलं या चाचणीत नव्हती. त्यांना पाणी आणि सलाईन लागतंच.

या आकड्यांचा अर्थ नीट बघा. चाचणी व्हायच्या आधी त्या उपचाराने मुलं मरत नव्हती का? मरत होती. कुणी मोजत नव्हतं एवढंच. डॉक्टर म्हणत होते, आम्ही सगळं केलं, उशिरा आणलं होतं. आईवडील कपाळाला हात लावत होते. म्हणजे प्रयोग आधीपासूनच चालू होता, नोंदवहीशिवाय आणि संमतीशिवाय. चाचणीने त्याला नोंदवही दिली.

म्हणून मी म्हणते, आपली वस्ती संशोधनाच्या बाहेर राहिली म्हणून प्रयोगाच्या बाहेर राहत नाही. दुसऱ्यांच्या शरीरांवर ठरलेला उपचार आपल्या शरीरांवर न मोजता वापरणं हाही प्रयोगच असतो.

या चाचणीत संमती कशी घेतली तेही ऐका. मरणाच्या दारात असलेलं लेकरू हातात घेऊन उभ्या असलेल्या आईला दहा पानी कागद वाचून दाखवणं ही क्रूरता आहे. तिथं आधी थोडक्यात तोंडी विचारलं जात होतं. लेकरू जरा सावरल्यावर सगळी माहिती देऊन लेखी संमती घेतली जात होती. ही पद्धतही निर्दोष नाही, तिच्यावर बरीच चर्चा झाली आहे. पण आई कोणत्या अवस्थेत आहे याचा विचार करून ती ठरवली होती. माझ्या त्या रात्रीच्या कागदाने बापाच्या अवस्थेचा विचार केला नव्हता.

आता दुसरं उदाहरण, ज्यात आपल्याच देशातली माणसं होती. अपघातात खूप रक्त गेलेल्या रुग्णाला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचं औषध देऊन उपयोग होतो का, हे ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत तपासलं गेलं. ‘क्रॅश-२’ ही ती चाचणी, २०१० ची. २० हजारांहून जास्त रुग्ण होते, त्यांत भारतातल्या रुग्णालयांतले रुग्णही मोठ्या संख्येने होते. औषध मिळालेल्यांत १४.५ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत १६ टक्के. फरक लहान वाटेल, पण रस्त्यावर रोज किती माणसं रक्तबंबाळ होतात हे लक्षात घेतलं की तो लहान राहत नाही. औषध जुनं आहे, स्वस्त आहे.

पण पुढच्या वर्षी त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट निघाली. औषध तीन तासांच्या आत दिलं तर फायदा. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसला.

तीन तास. हे ऐकलं की मला माझं गाव आठवतं. आमची वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या पलीकडे. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स ओढ्याच्या अलीकडेच थांबते. माणूस खाटेवर घालून आणायचा, मग तालुक्याला, तिथून ‘वर न्या’ म्हणून जिल्ह्याला. गावाची रचना कुणी आणि का केली हे इथं कुणाला सांगायला नको. ज्या चाचणीत आपल्यासारख्यांची शरीरं होती, तिचं उत्तर मिळायला तीन तासांत पोचावं लागतं, आणि कोण तीन तासांत पोचतो हे जातीने आधीच ठरवून ठेवलंय. मग पुढचा प्रश्न कोण विचारणार? हे औषध ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला देता येईल का, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला देता येईल का, याची तपासणी आपल्या तालुक्यांत व्हायला हवी. हा प्रश्न महानगरातल्या मोठ्या रुग्णालयात बसलेल्याला सुचणार नाही. तो ओढ्याच्या पलीकडून आलेल्या माणसालाच सुचेल. तुम्हाला सुचेल.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या बोटाला लागलेली आहे. पल्स ऑक्सिमीटर. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत घराघरांत आपण त्यावरचा आकडा बघत होतो. ९४ आहे की ९३, त्यावर रात्र जागायची की बेड शोधायला निघायचं, ते ठरत होतं. हे यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन ओळखतं. काळ्या त्वचेवर ते चुकू शकतं, ही गोष्ट १९९० सालीच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या अभ्यासातून छापून आली होती. तीस वर्षं कुणाचं फारसं बिघडलं नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळलं. काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत. म्हणजे ‘ठीक आहे’ म्हणून ऑक्सिजनविना राहण्याची शक्यता काळ्या माणसाला तिपटीने जास्त.

त्वचेचा रंग म्हणजे जात नव्हे, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे हे आकडे उचलून जसेच्या तसे आपल्यावर चिकटवू नका. मला दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. मिशिगनच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारता आला, कारण रुग्णाने स्वतःचा वंश कोणता सांगितला हे तिथल्या नोंदीत होतं. आपल्या आयसीयूत दलित रुग्ण जास्त मरतात का, त्यांना उशिरा व्हेंटिलेटर मिळतो का, ‘घरी न्या’ हा सल्ला कुणाला लवकर दिला जातो, चाचण्यांत कोण जास्त घेतलं जातं? मी इतकी वर्षं फॉर्म भरले, त्यांत वय होतं, वजन होतं, रक्तदाब होता. जातीचा रकाना मी भरलेल्या एकाही फॉर्मवर नव्हता. जिथं रकाना नाही, तिथं प्रश्न नाही. आणि प्रश्न नाही म्हणजे भेदभाव नाही, असं म्हणायला सगळे मोकळे.

कुणी म्हणेल, कॅज्युअल्टीत जात विचारली तर भेदभाव वाढेल. ही भीती खरी आहे. पण केसपेपरवर आडनाव असतंच, आणि आडनाव वाचायला आपल्या देशात कुणालाच शिकवावं लागत नाही. जात वाचली जातेच, मोजली जात नाही एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी ही नोंद घेतली जाते. मग आयसीयूच्या संशोधनात ती घेता येईल. उपचार करणाऱ्याला दिसणार नाही अशी वेगळी ठेवता येईल, नाव काढून टाकता येईल. जातनिहाय जनगणनेची मागणी करताना आपण जे म्हणतो, तेच इथंही लागू आहे. आजार मोजायचा आणि आजाऱ्याची सामाजिक जागा मोजायची नाही, हे अर्धं विज्ञान झालं.

मग करायचं काय? तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून चार कामं सांगते.

पहिलं काम, कायदा वाचा. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यात एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. हा सामान्य नागरिक कोण असतो? माझ्या अनुभवात कुणाचा तरी ओळखीचा निवृत्त अधिकारी. तिथं आपल्या वस्तीतली शिकलेली आशाताई का नको, सफाई कामगारांच्या संघटनेचा कार्यकर्ता का नको? प्रतिनिधित्वाची लढाई आपण विधानसभेत लढलो, विद्यापीठात लढलो. या सात खुर्च्यांकडे आपलं लक्षच गेलेलं नाही.

दुसरं, आपल्या लोकांना त्यांचे हक्क आजारी पडायच्या आधी सांगा. आयसीयूच्या बाहेर कुणालाही काही शिकवता येत नाही. वस्तीत, विहारात, जयंतीच्या कार्यक्रमात सांगा की चाचणीला नाही म्हटल्याने उपचार थांबत नाहीत. हो म्हटल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. माहितीपत्रकाची आणि संमतिपत्राची प्रत आपल्याला मिळायलाच हवी. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा हक्क आहे. चाचणीची नोंद सीटीआरआयच्या सरकारी नोंदवहीत असते आणि ती मोबाइलवर कुणालाही पाहता येते.

तिसरं, झालेल्या संशोधनाचं उत्तर लोकांपर्यंत न्या. २०२० साली आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ कोविड रुग्णांवर प्लाझ्मा तपासला. उपयोग दिसला नाही. ऑक्टोबरमध्ये निकाल छापून आला. उपचाराच्या सरकारी सूचनांतून प्लाझ्मा निघाला तो पुढच्या मे महिन्यात. मधल्या लाटेत आपली माणसं उसनवारी करून, दागिने मोडून प्लाझ्मा शोधत फिरली. उत्तर आपल्याच देशातल्या रुग्णांनी दिलेलं होतं. ते मराठीत, तेलुगूत, हिंदीत कुणी सांगितलं नाही.

चौथं काम सगळ्यात अवघड. संशोधक व्हा. नुसतं सही घेणारे होऊ नका, प्रश्न लिहिणारे व्हा. आपली मुलं नर्स होतात, टेक्निशियन होतात, डॉक्टरही होतात. पण कोणता रोग तपासायचा, कोणत्या गावात, कोणत्या दवाखान्यात, यश कशाला म्हणायचं, हे ठरतं त्या टेबलावर आपण फार थोडे. बाबासाहेबांनी रुपयावर प्रबंध लिहिला तेव्हा साम्राज्याचे आकडे साम्राज्यापुढेच मांडले होते. आकड्यांना घाबरायचं आपल्याकडे काही कारण नाही.

त्या काकांबद्दल सांगून थांबते. आता मी पॅड आणि कागद पिशवीतच ठेवते. आधी बाकड्यावर शेजारी बसते, पाणी घेतलं का विचारते. मग पहिलं वाक्य हे सांगते की तुम्ही नाही म्हटलात तरी पेशंटचं काहीही कमी होणार नाही. त्यानंतर त्यांनाच विचारते, मी काय सांगितलं ते मला सांगा बघू. त्यांना सांगता आलं तरच कागद बाहेर काढते. कधी कधी वेळ निघून जाते, रुग्ण चाचणीत घेता येत नाही, मला वर बोलणी बसतात. बसू देत. गेल्या महिन्यात एका आजीने सगळं ऐकून घेतलं आणि ‘नको बाई’ म्हणाल्या. मी ‘बरं’ म्हणाले आणि फॉर्मवर नकार लिहिला. तिच्या नातवाचे उपचार चालूच राहिले आणि ते तिने स्वतः बघितलं. या नोकरीत माझ्या हातून झालेलं ते एक चांगलं काम, असं मी मानते.

पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. उत्तर मला कोण सांगणार, असं त्याने विचारलं होतं. ते तुमच्यापैकी कुणीतरी सांगावं म्हणून मी इतक्या लांब आले.

जयभीम!